वळण आणि माणूस : चिनी सुलेखनाच्या वाक्प्रचारांतील एक नैतिक प्रश्न

मराठीत 'वळण' हा शब्द दोन ठिकाणी योजला जातो. अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण लावावे लागते. हस्ताक्षराची घडण आणि आचरणाची घडण एकाच शब्दाने सांगितली जावी, यात एक जुनी श्रद्धा दडलेली आहे. अक्षर गिरवताना हाताला जी शिस्त लागते ती हातापुरती राहत नाही, मनातही उतरते, अशी ती श्रद्धा. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ लेखनक्रियेच्या निरूपणाने होतो, यातही तिची छाया दिसते असे म्हणता येईल. मराठीत ही श्रद्धा एका शब्दात सामावली आहे. चिनी संस्कृतीत मात्र तिच्याभोवती दीड हजार वर्षांहून अधिक काळ एक विचारपरंपरा उभी राहिली, तिच्यावर वाद झाले, तिच्यासाठी माणसांची नावे गौरविली गेली आणि पुसलीही गेली. या परंपरेचे सार चिनी भाषेतील काही वाक्प्रचारांत साठलेले आहे. ते वाक्प्रचार वरवर पाहता अक्षराची स्तुती किंवा निंदा करतात. थोडे खोल गेल्यास ते माणसाविषयी बोलू लागतात. अक्षरावरून माणसाची पारख करता येते काय, आणि येत असेल तर ती करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तेथूनच उद्भवतो.

चिनी भाषेत बहुधा चार अक्षरांचे, घट्ट बांधणीचे वाक्प्रचार विपुल आहेत. त्यांना 'छंग-यू' म्हणतात. त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात एखादी गोष्ट असते आणि गोष्ट ठाऊक नसेल तर वाक्प्रचाराचा अर्थ अर्धाच लागतो. सुलेखनाविषयीचा सर्वांत प्रसिद्ध वाक्प्रचार आहे 'रू मू सान फन', म्हणजे 'लाकडात तीन फन शिरलेले'. फन हा चिनी इंचाचा दहावा भाग. गोष्ट आहे चौथ्या शतकातील वांग शीची याची, ज्याला चिनी परंपरा सुलेखनातील ऋषी मानते. एका राजविधीसाठी त्याने लाकडी फळीवर प्रार्थनेचा मजकूर लिहिला होता. पुढे नव्या मजकुरासाठी ती फळी तासायला घेतली, तेव्हा कारागिराला आढळले की लिखाण लाकडात तीन फन खोल उतरले आहे. मऊ केसांचा कुंचला लाकडात शिरत नाही, हे ही गोष्ट सांगणाऱ्यांनाही ठाऊक होते. त्यांना सांगायचे होते ते निराळेच. हाताचा भार आणि अक्षराचे बळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कुंचला दाबल्याने शाई पसरते, अक्षर बलवान होत नाही.

या वाक्प्रचाराची भावंडे अनेक आहेत. 'ली थौ ची पेइ' म्हणजे 'बळ कागदाच्या पाठीपर्यंत पोचलेले'. 'थ्ये ह्वा यिन कौ' म्हणजे 'लोखंडी रेघा, रुपेरी आकडे'. एकात ताठपणा, दुसऱ्यात लवचीक डौल. वेगवान, मोकळ्या लिपीला 'लुंग फेइ फंग वू' म्हणतात, 'ड्रॅगन उडतो, फीनिक्स नाचतो'. उत्तम रेघ कशी असावी हे सांगताना जुन्या आचार्यांनी याहूनही साध्या प्रतिमा योजल्या आहेत: वाळूत टोच्याने ओढलेली रेघ, किंवा गळक्या छपरातून भिंतीवर हळूहळू उतरलेला पाण्याचा ओघळ. भिंतीवरचा ओघळ सरळ धावत नाही. तो थबकतो, जड होतो, वाट काढतो आणि पुन्हा उतरतो. बेताच्या अक्षराची निंदाही अशाच सजीव शब्दांत होते. थांग सम्राट थायत्सुंग याने एका पूर्वकालीन लेखकाच्या ओळींची बरोबरी वसंतातील गांडुळांशी आणि शरदातील सापांशी केली आणि 'छुन यिन छ्यू श' हा वाक्प्रचार कायमचा निंदावाचक झाला. ज्या अक्षरात मांस फार आणि हाड कमी, त्याला 'मो चू', 'शाईचे डुक्कर', म्हणतात. मुलांच्या गिरगटण्याला 'थू या' म्हणतात, म्हणजे 'कावळे चितारणे'. मराठीतील 'कोंबडीचे पाय' या शब्दांशी त्याचे नाते सहज ओळखू येईल.

या सर्व शब्दप्रयोगांत एक लक्षणीय साम्य आहे. मराठी माणूस चांगल्या अक्षराला 'मोत्यासारखे' म्हणतो. मोत्याचा गुण त्याच्या आकारात आणि सारखेपणात असतो. तो कसा घडला याचा विचार स्तुती करणाऱ्याच्या मनात नसतो. चिनी वाक्प्रचार आकाराविषयी फारसे बोलत नाहीत. ते शिरणे, उडणे, नाचणे, ओघळणे, सरपटणे अशा क्रियांविषयी बोलतात. याचे कारण साधनांत आहे. कुंचला मऊ असतो आणि त्याचे टोक प्रत्येक दाबाला वाकते. कागद शाई ताबडतोब शोषून घेतो. ओढलेली रेघ मागे घेता येत नाही आणि तिच्यावरून पुन्हा हात फिरवला तर तो ओळखू येतो. शिवाय प्रत्येक अक्षरातील रेघांचा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे जाणता प्रेक्षक अक्षर नुसते पाहत नाही. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत तो ते मनातल्या मनात पुन्हा लिहितो. लिहिणारा कोठे थांबला, कोठे त्याने श्वास रोखला, कोठे शाई संपत आली आणि तरी तो पुढे गेला, हे सारे त्याला कळते. म्हणजे चिनी सुलेखन ही एका कृतीची खूण आहे. आणि कृती म्हटली की कर्ता आलाच. कर्त्याविषयी बोलू लागलेली भाषा फार काळ नीतीपासून दूर राहू शकत नाही.

हे अंतर ओलांडताना मधला टप्पा होता तो शरीराचा. अक्षराला हाडे, स्नायू, मांस आणि रक्त असते, असे चिनी समीक्षा फार पूर्वीपासून मानत आली. थांग काळातील दोन महान लेखकांविषयीचा वाक्प्रचार याच परिभाषेतला आहे: 'यान चिन ल्यू कू', म्हणजे 'यानचे स्नायू, ल्यूची हाडे'. यान म्हणजे यान चनछिंग (७०९–७८५) आणि ल्यू म्हणजे ल्यू कुंगछ्वेन (७७८–८६५). या दोघांच्या चरित्रांत अक्षर आणि आचरण यांची गाठ इतकी पक्की बसली की पुढच्या पिढ्यांना ती सोडवणे जड गेले.

ल्यू कुंगछ्वेनची गोष्ट राजसभेतली आहे. सम्राट मूत्सुंग ८२० ते ८२४ अशी अवघी काही वर्षे गादीवर होता आणि राज्यकारभारापेक्षा त्याचा ओढा चैनीकडे अधिक होता. त्याने एकदा ल्यूला विचारले की कुंचला उत्तम रीतीने कसा चालवावा. ल्यूने उत्तर दिले की कुंचला मनाने चालतो. मन सरळ असेल तर कुंचलाही सरळ राहतो. सम्राटाचा चेहरा बदलला. अक्षराच्या निमित्ताने आपल्याला कानपिचकी दिली गेली, हे त्याच्या लक्षात आले. या प्रसंगावरून 'पी च्येन', म्हणजे 'कुंचल्याद्वारे राजाला दिलेला इशारा', असा शब्दच रूढ झाला. ल्यूचे उत्तर मात्र आपल्या प्रसंगापासून सुटून स्वतंत्रपणे फिरू लागले. सुलेखनाच्या शिक्षणात ते सूत्र बनले आणि 'त्झ रू छी रन', 'जसा माणूस तसे अक्षर', या सर्वपरिचित वाक्प्रचाराला त्याचा आधार मिळाला.

येथे एक सूक्ष्म बदल झाला, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ त्यातच आहे. ल्यूने सम्राटाचे अक्षर पाहून त्याच्या मनाचे निदान केले नव्हते. त्याने त्याच्यापुढे एक मागणी ठेवली होती: मन सरळ कर. मागणी भविष्याकडे पाहते आणि ज्याच्यापुढे ठेवली जाते त्याला काही करायला सांगते. निदान भूतकाळाकडे पाहते आणि तिऱ्हाइताला निकाल देण्याची मोकळीक देते. सम्राटासमोर उभे राहून हे वाक्य बोलणे धोक्याचे होते. मृताचे अक्षर समोर ठेवून तेच वाक्य बोलण्यात काहीच धोका नाही. वाक्य तेच राहिले, परंतु त्याचे नैतिक वजन बदलले.

यान चनछिंगच्या बाबतीत निदानाला पुरावाही भक्कम मिळाला. ७५५ मध्ये आन लूशान या सेनापतीने बंड पुकारले, तेव्हा यान आणि त्याचे कुटुंब सम्राटाच्या बाजूने उभे राहिले. त्याचा चुलतभाऊ आणि त्या चुलतभावाचा तरुण मुलगा चीमिंग बंडखोरांच्या हातून मारले गेले. ७५८ मध्ये पुतण्याचे शिर परत मिळाले, तेव्हा यानने श्राद्धासाठी एक शोकलेख लिहायला घेतला. त्याचा कच्चा खर्डा आज तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. त्यात खाडाखोड आहे, ओळींच्या मध्ये घुसवलेले शब्द आहेत, शाई आटत जाऊन रेघ कोरडी पडली तरी न थांबलेला हात आहे. जगाला दाखवण्यासाठी तो लिहिलाच गेला नव्हता. तरीही, किंबहुना म्हणूनच, चिनी सुलेखनातील सर्वश्रेष्ठ कृतींमध्ये त्याची गणना होते. पुढे वृद्धपणी यानला ली शीलिए या दुसऱ्या बंडखोराकडे दूत म्हणून पाठवले गेले. लू छी या मंत्र्याला तो दरबारात नको होता, म्हणून ही कामगिरी त्याच्यावर सोपवली गेली, असे इतिहास सांगतो. यानने बंडखोराची चाकरी पत्करली नाही आणि ७८५ मध्ये तो मारला गेला. यानंतर त्याच्या रुंद, भरीव, ठाम अक्षरांत कोणाला निष्ठा दिसली नसती तरच नवल.

परंतु ज्या सिद्धांताला एक उत्तम उदाहरण आहे, त्याला एक उलटे उदाहरणही असू शकते. चिनी परंपरेत ते त्साइ चिंग (१०४७–११२६) याच्या रूपाने आले. हा सुंग सम्राट ह्वेइत्सुंगचा महामंत्री. राज्याच्या नाशाला जबाबदार असलेल्या माणसांत त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते. ११२६ मध्ये, उत्तरेकडील जुर्चेनांच्या स्वाऱ्या चालू असताना, तो हद्दपारीच्या वाटेवर मरण पावला. पुढच्या वर्षी सम्राट कैद होऊन उत्तरेकडे नेला गेला. हा त्साइ चिंग अप्रतिम लेखक होता, हे त्याचे शत्रूही नाकारत नव्हते. सुंग काळातील चार श्रेष्ठ सुलेखकांची नावे 'सू, हुआंग, मी, त्साइ' अशी एका दमात घेतली जातात: सू शी, हुआंग थिंगच्येन, मी फू आणि चौथा त्साइ. हा चौथा त्साइ म्हणजे एका पिढीआधीचा सज्जन अधिकारी त्साइ श्यांग (१०१२–१०६७), असे आज मानले जाते. तथापि नावांचा क्रम पाहता मूळचा चौथा त्साइ चिंग असावा आणि त्याच्या दुष्कीर्तीमुळे पुढे त्याच्या जागी त्याच आडनावाचा निष्कलंक पुरुष बसवला गेला असावा, असे मत जुन्या काळापासून चालत आले आहे. इतर तिघांहून वयाने मोठा असलेला त्साइ श्यांग यादीत शेवटी का, हा प्रश्न त्या मताला बळ देतो.

हे मत खरे असेल तर परंपरेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. 'जसा माणूस तसे अक्षर' हा नियम त्साइ चिंगच्या अक्षराने मोडला. मोडलेला नियम दुरुस्त करायचा तर नियम बदलावा लागला असता. त्याऐवजी यादी बदलली गेली. या कृतीचे समर्थन करता येत नाही असे नाही. सन्मानाची यादी ही केवळ कौशल्याची नोंद नसते. पुढच्या पिढीने कोणाचे अक्षर गिरवावे हेही ती सांगते. ज्याने राज्य बुडवले त्याचा हात मुलांनी वर्षानुवर्षे गिरवू नये, असे एखाद्याला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. मात्र असे करणाऱ्याने मान्य केले पाहिजे की आपण सन्मान नाकारतो आहोत. अक्षरात दोष सापडला आहे असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. सन्मान नाकारणे हा नैतिक निर्णय आहे. अक्षरात नसलेला दोष दाखवणे हे असत्य आहे, आणि नीतीच्या नावाने बोललेले असत्य अधिक घातक असते.

या धोक्याची जाणीव ज्याला सर्वांत आधी आणि स्पष्टपणे झाली, तो त्याच यादीतला पहिला पुरुष होता. सू शी (१०३७–११०१) कवी होता, प्रशासक होता, सुलेखक होता आणि यान चनछिंगच्या अक्षराचा मोठा भक्त होता. यानच्या एका लेखनावर टिपण करताना त्याने हाच प्रश्न उपस्थित केला. चेहऱ्यावरून माणसाची पारख करू नये असे सर्व जण म्हणतात. मग अक्षरावरून ती कशी करता येईल, असे त्याने विचारले. तरीही यानचे अक्षर पाहताना तो लू छीला सुनावतो आहे, ली शीलिएला खडसावतो आहे, असे आपल्याला प्रत्यक्ष दिसते, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. हे असे का व्हावे? उत्तरादाखल त्याने हरवलेल्या कुऱ्हाडीच्या प्राचीन दृष्टांताकडे बोट दाखवले. एका माणसाची कुऱ्हाड हरवली. शेजाऱ्याच्या मुलाने ती चोरली असावी असा संशय त्याला आला आणि त्या क्षणापासून मुलाचे चालणे, बोलणे, पाहणे, सारे चोरासारखे दिसू लागले. पुढे कुऱ्हाड सापडली. दुसऱ्या दिवशी त्याच मुलात चोरासारखे काहीही दिसेना. मुलगा बदलला नव्हता. यानचे चरित्र ठाऊक असलेल्या माणसाला त्याच्या अक्षरात शौर्य दिसते, त्यातही या कुऱ्हाडीचा वाटा आहे, असे सू शीचे म्हणणे. आणि तरी त्याने दार पूर्णपणे बंद केले नाही. कौशल्याच्या पलीकडे प्रत्येक हाताची एक रुची असते आणि तीतून माणूस ढोबळपणे का होईना जाणवतो, अशी कबुली त्याने शेवटी दिली.

सू शीच्या या संयमाला एक हसरी बाजूही आहे. त्याचा मित्र आणि शिष्य हुआंग थिंगच्येन (१०४५–११०५) याच्याशी तो अक्षरांविषयी थट्टा करीत असे. हुआंगच्या लांबट, वळवळत्या रेघांना सू शी म्हणाला, झाडाच्या शेंड्यावर लटकलेले साप. हुआंगने सू शीच्या बसक्या, रुंद अक्षरांना नाव दिले, दगडाखाली चेपलेला बेडूक. दोघेही खळखळून हसले, असे ही आख्यायिका सांगते. दोन्ही प्रतिमा चिनी भाषेत टिकून आहेत आणि दोन्ही अचूक आहेत. दोघांनी एकमेकांचे अक्षर बारकाईने पाहिले होते आणि जे दिसले तेवढेच सांगितले होते. सापावरून कपट किंवा बेडकावरून भित्रेपणा काढण्याची गरज दोघांपैकी एकालाही वाटली नाही.

थट्टेचे हे दिवस टिकले नाहीत. सू शी, हुआंग आणि त्यांच्या मताचे अनेक लोक दरबारातील ज्या गटाचे मानले जात, त्या गटाचा बीमोड करण्याचे त्साइ चिंगने ठरवले. ११०३ मध्ये सू शी आणि त्याच्या वर्तुळातील लेखकांच्या ग्रंथांचे मुद्रणफलक नष्ट करण्याचा हुकूम निघाला. ११०४ मध्ये ३०९ नावांची एक काळी यादी तयार झाली. तीत सू शीचे नाव होते, हुआंगचे होते आणि इतिहासकार सिमा क्वांगचेही होते. सिमा क्वांग १०८६ मध्येच वारला होता, सू शीही हयात नव्हता. मृत्यूने या यादीतून कोणालाही सूट दिली नाही. हुआंग पुढच्या वर्षी दक्षिणेत, हद्दपारीतच मरण पावला. ही यादी त्साइ चिंगने स्वतः लिहिली आणि ती साम्राज्यभर दगडावर कोरून उभी करावी असा आदेश निघाला. काळातील एका उत्तम हाताने, उत्तम अक्षरांत, सज्जनांची नावे दुर्जन म्हणून लिहिली. 'जसा माणूस तसे अक्षर' हा वाक्प्रचार खरा मानायचा तर या दगडापुढे उभे राहून तो म्हणून पाहावा.

छांगआन शहरात हे काम आन मिन नावाच्या पाथरवटाकडे आले. सुंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात त्याची हकीकत नोंदली आहे. आन मिनने कामाला नकार दिला. आपण अडाणी माणूस आहोत, हा दगड कशासाठी उभारायचा ते आपल्याला कळत नाही, असे तो म्हणाला. पण ज्या सिमा क्वांगला सारा देश सचोटीचा पुरुष म्हणून ओळखतो, त्याला येथे दुष्ट म्हटले आहे आणि ते कोरायला आपला हात धजत नाही. अधिकारी संतापला आणि त्याला शिक्षा करायला निघाला. तेव्हा आन मिन रडू लागला. नेमून दिलेले काम टाळण्याची आपली प्राज्ञा नाही, असे त्याने कबूल केले आणि एवढीच विनंती केली की रिवाजाप्रमाणे दगडाच्या शेवटी कोरणाऱ्याचे नाव घालतात, तेथे आपले नाव घालू नये. पुढच्या पिढ्यांच्या दोषाला आपण पात्र होऊ नये. ऐकणाऱ्यांना लाज वाटली, असे इतिहासकार लिहितो.

सुलेखनाच्या इतिहासात पाथरवटाची जागा समजून घेतल्याशिवाय या प्रसंगाचे मर्म कळणार नाही. वांग शीचीच्या हातचे एकही मूळ अक्षर आज शिल्लक नाही. जे आहे ते नकलाकारांनी शाईने घेतलेल्या प्रतिकृती आणि दगडावर कोरलेल्या अक्षरांचे कागदावर काढलेले ठसे. शतकानुशतके विद्यार्थ्यांनी जी अक्षरे गिरवली आणि रसिकांनी ज्यांत थोरांचे शील वाचले, त्यांतील कितीतरी अनाम कारागिरांच्या छिन्नीतून आलेली होती. पाथरवटाचे कौशल्यच असे की त्याचा स्वतःचा हात कोठेही दिसू नये. वळण दुसऱ्याचे, शब्द दुसऱ्याचे, खोली मात्र त्याची. 'लाकडात तीन फन' ही लेखकाच्या बाबतीत अतिशयोक्ती आहे. पाथरवटाच्या बाबतीत ते रोजचे काम आहे. अशा माणसाला अक्षराच्या नैतिकतेविषयी काही म्हणायचे असेल असे कोणाला वाटले नसते. आन मिनने जे म्हटले ते अक्षराच्या वळणाविषयी नव्हतेच. त्साइ चिंगचे अक्षर सुंदर आहे की कुरूप, सरळ आहे की वाकडे, हा विचार त्याने केला असल्याची नोंद नाही. कोणते शब्द कोरले जात आहेत, ते खरे आहेत काय आणि त्यांच्याखाली कोणाचे नाव राहणार, एवढाच त्याचा विचार होता.

यावर असा आक्षेप घेता येईल की अखेर आन मिनने दगड कोरलाच. त्याचा नकार टिकला नाही. त्याने केवळ आपले नाव वाचवले. हा आक्षेप खरा आहे आणि त्याची धार बोथट करण्याचे कारण नाही. यान चनछिंग मरणाला सामोरा गेला, आन मिन गेला नाही. पण ज्यांच्या हाती यान चनछिंगचा अधिकार, कुळ किंवा विद्या नसते अशा माणसांसाठी नीती बहुधा याच आकारात उपलब्ध असते: काम टाळता येत नाही, परंतु ते काम योग्य आहे असे म्हणायला नकार देता येतो. दगडाच्या तळाशी सुटलेली ती रिकामी जागाही एक प्रकारचे लेखनच होती. उलट, अधिकार आणि विद्या दोन्ही असलेल्या महामंत्र्याने जे लिहिले, त्याखाली स्वतःचे नाव घालताना त्याचा हात थरथरला नाही. सरळ कुंचल्याने सरळ मन सिद्ध होत नाही, हे या दोन माणसांना शेजारी उभे केले की दिसते.

मग ल्यू कुंगछ्वेनचे उत्तर टाकाऊ ठरते काय? तसे नाही, मात्र ते पुन्हा मूळच्या जागी नेऊन ठेवावे लागते. सतराव्या शतकातील फू शान याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. मिंग राजवट कोसळल्यावर नव्या मांचू सत्तेची चाकरी न पत्करणारा हा विद्वान वैद्य. तरुणपणी त्याने चाओ मंगफूचे (१२५४–१३२२) अक्षर गिरवले होते आणि ते त्याला फार लवकर साधले. चाओ सुंग राजकुळातला असूनही विजेत्या मंगोलांच्या दरबारी गेला होता. हे मनात घोळू लागल्यावर फू शानला त्या अक्षराचा लाडिक गोडवा असह्य झाला. तो यान चनछिंगकडे वळला आणि मुलानातवंडांना बजावू लागला की आधी माणूस घडवा, मग अक्षर. चलाख दिसण्यापेक्षा ओबडधोबड दिसणे बरे. वृद्धपणी मात्र त्याच फू शानने चाओच्या हाताची थोरवी पुन्हा मोकळेपणाने मान्य केली. या दोन भूमिकांत विसंगती पाहण्याची गरज नाही. तरुणपणी चाओचा गोडवा त्याने नाकारला तो स्वतःसाठी. आपला हात कोणत्या वाटेने जाऊ नये हे त्याला ठरवायचे होते. चाओच्या अक्षराचे मोल ठरवणे हा निराळा प्रश्न होता आणि त्याचे निराळे उत्तर देण्याइतका प्रामाणिकपणा त्याच्याजवळ शेवटपर्यंत शिल्लक होता. 'जसा माणूस तसे अक्षर' हे ज्याने स्वतःला उद्देशून म्हटले, त्याच्या हाती ते व्रत होते. दुसऱ्याला उद्देशून म्हटले की त्याची हरवलेली कुऱ्हाड होते.

वाक्प्रचारांच्या पुढील प्रवासातही याचा एक पडसाद आढळतो. 'रू मू सान फन' हे शब्द आजच्या चिनी भाषेत अक्षरापुरते राहिलेले नाहीत. एखाद्या लेखकाने विषयाच्या गाभ्यापर्यंत जाऊन केलेले विवेचन, माणसाच्या स्वभावाचे भेदक चित्रण, यांच्या स्तुतीसाठी ते सर्रास वापरले जातात. रेघेची खोली मोजणारा शब्द आशयाची खोली मोजू लागला. भाषेने हा बदल कोणत्याही सिद्धांताशिवाय, केवळ वापरातून घडवला. लेखन किती खोल उतरले हे अखेर काय लिहिले यावरच ठरते, असे जणू पिढ्यान् पिढ्यांच्या बोलणाऱ्यांना वाटत गेले.

त्साइ चिंगचे दगड फार काळ उभे राहिले नाहीत. ११०६ मध्ये आकाशात धूमकेतू दिसला, तो अपशकुन मानून सम्राटाने दगड फोडण्याची आज्ञा दिली. दगड फुटले तरी नावे पुसली जाणार नाहीत, असे त्साइ चिंग तेव्हा म्हणाल्याची कथा आहे. त्याचे म्हणणे खरे ठरले, पण त्याला अभिप्रेत होते तसे नव्हे. सुमारे नव्वद वर्षांनी, ११९८ मध्ये, क्वेइलिन येथील डोंगरकड्यावर यादीतील एका पुरुषाच्या वंशजाने ती सर्व ३०९ नावे पुन्हा कोरून घेतली. १२११ मध्ये त्याच प्रदेशातील रुंगश्वेइ येथे दुसऱ्या एका वंशजाने तेच केले. बदनामीचा कागद त्यांना सन्मानपत्र वाटत होता आणि पूर्वजाचे नाव त्यात असल्याचा अभिमान होता. शब्द तेच, नावे तीच. कोरून घेणाऱ्याचा त्या शब्दांशी असलेला संबंध तेवढा बदलला होता. हे दोन्ही शिलालेख आजही टिकून आहेत. छांगआनचा दगड राहिला नाही. आन मिनचे नाव त्यावर कोरले गेले होते की नाही हे पाहण्यासाठी आता तेथे काहीच उरलेले नाही. त्याने नाव वगळण्याची विनंती केली, एवढी गोष्ट मात्र इतिहासात उरली, आणि तिच्यामुळेच ते नाव आज ठाऊक आहे.